तिसरा वाचक : युद्ध, संदेशवहन आणि भिंगारची छावणी

१

माध्यमांचा इतिहास युद्धाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, ही भूमिका पाश्चात्त्य समीक्षाविचारात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ठामपणे मांडली गेली. युद्ध आणि सिनेमा यांच्या संबंधांवर १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पॉल विरिलिओ यांनी रणभूमी ही मुळात पाहण्याची भूमी असते आणि शस्त्रांचा विकास दृष्टीच्या साधनांच्या विकासाशी जखडलेला असतो, असे प्रतिपादन केले. फ्रीडरिख किटलर हे याच्याही पुढे गेले. 'ग्रामोफोन, फिल्म, टाइपरायटर' (१९८६) या ग्रंथात त्यांनी असे दाखवण्याचा प्रयत्न केला, की रंजनाची म्हणून जी साधने आपल्या घरात येतात ती लष्करी सामग्रीच्या गैरवापरातून आलेली असतात. त्यांच्या विवेचनात रणगाडा हे एक मध्यवर्ती उदाहरण आहे. नुसता रणगाडा म्हणजे चालते पोलादी घर होय; त्याला बिनतारी यंत्राची जोड मिळाली तेव्हा तो नव्या युद्धतंत्राचे साधन झाला. पहिल्या महायुद्धात संदेशवहनाच्या दलात काम केलेल्या गुडेरियन या जर्मन सेनानीला हे उमगले, हा किटलर यांच्या दृष्टीने योगायोग नव्हता.

या सिद्धान्ताची परीक्षा महाराष्ट्रातील एखाद्या गावावर घ्यायची झाली, तर भिंगारइतके योग्य गाव सापडणार नाही. १४९० मध्ये मलिक अहमद याने बहमनी फौजेचा पराभव केला तो भिंगारच्या परिसरात, आणि त्या विजयाच्या जागी १४९४ पासून अहमदनगर वसवले गेले. म्हणजे हे शहर (आताचे अहिल्यानगर) रणभूमीवर उभे राहिले आणि भिंगार त्याच्याआधीचे आहे. औरंगजेबाचा अखेरचा मुक्काम भिंगारलगत पडला. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने जवळचा किल्ला घेतला. पुढे भिंगारला लागून इंग्रजांची छावणी वसली आणि गावाच्या नावालाच 'कॅम्प' हा शब्द चिकटला. १९४८ पासून भारतीय चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा येथे आहे. १९९४ मध्ये येथे रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. किटलर यांचे लाडके उदाहरण, बिनतारी यंत्र बसवलेला रणगाडा, भिंगारच्या रहिवाशाला रस्त्यावरच्या वाहनाइतके परिचयाचे आहे.

तरीही या गावाभोवतीचा लेखनव्यवहार तपासू लागलो, तर किटलर यांच्या मांडणीत एक पोकळी जाणवते. युद्ध साधने निर्माण करते, हे त्यांचे म्हणणे मान्य करूनही असा प्रश्न उरतो, की त्या साधनांतून गेलेली संहिता कोणामुळे टिकते आणि कोणत्या रूपात टिकते? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे : युद्धकाळातील मजकूर आपल्यापर्यंत येतो तो बहुधा लिहिणारा आणि ज्याला लिहिले तो, या दोघांमुळे येत नाही, मध्ये उभ्या असलेल्या तिसऱ्यामुळे येतो. ज्याच्यासाठी मजकूर लिहिलेला नाही, पण ज्याच्या हातून वा नजरेखालून तो जातो, अशा या व्यक्तीला किंवा यंत्रणेला येथे 'तिसरा वाचक' म्हटले आहे. तो नकलाकार असेल, पत्र फोडणारा असेल, सेन्सॉर असेल, भाषांतरकार असेल. तो मजकूर टिकवतो आणि टिकवताना त्याचे रूप बदलतो. एवढेच नव्हे, तर तो वाचणार हे ठाऊक असल्यामुळे लिहिणाराची भाषा आधीच बदललेली असते. मराठी समीक्षेने ऐतिहासिक पत्रांकडे पाहताना या तिसऱ्याची दखल फारशी घेतलेली नाही.

२

१७०६ च्या जानेवारीत औरंगजेब दख्खनच्या मोहिमेतून थकून अहमदनगरला परतला आणि १७०७ च्या फेब्रुवारीत (नव्या गणनेनुसार ३ मार्चला) येथेच मरण पावला. त्या काळात साम्राज्याची राजधानी व्यवहारतः ही छावणीच होती. मोगली राज्ययंत्रणेत वाकेनवीस, सवानेहनवीस, खुफियानवीस व हरकारे अशी बातमी लिहिणाऱ्यांची आणि पोचवणाऱ्यांची उतरंड होती. डाकचौकीचा स्वतंत्र दारोगा होता. सुभ्यासुभ्यांतील घडामोडी लिहून येत, दरबारात वाचल्या जात आणि बादशहाचा हुकूम उलट टपाली जाई. एकाच प्रांतातून परस्परांना अपरिचित अशा अनेक लेखकांकडून बातमी मागवण्याची ही पद्धत म्हणजे एका लेखकावर दुसऱ्याची पाळत होती. अशा व्यवस्थेत वार्ताहर नुसते वृत्त कळवत नसतो. आपल्याच वृत्ताशी दुसऱ्या कोणाचे वृत्त ताडून पाहिले जाणार आहे, या धाकात तो लिहीत असतो.

या दरबाराचे दैनंदिन वृत्त म्हणजे 'अखबारात'. ते आज अभ्यासता येते ते कोणामुळे? दरबारात राजपूत राजांचे वकील असत. आपल्या धन्याला दरबारची हालहवाल कळावी म्हणून ते रोजच्या घटना लिहून पाठवत. जयपूरच्या दप्तरात हे कागद साठले. त्यांतील काही भाग कर्नल टॉडमार्फत लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे गेला. जदुनाथ सरकारांनी औरंगजेबाचा इतिहास लिहिताना त्यांचा उपयोग केला. बादशहाच्या मुखातून निघालेला शब्द असा एका मांडलिकाच्या वकिलाने लिहिलेल्या रूपात उरला.

बादशहाच्या पत्रांचीही तीच गत. अखेरच्या दिवसांत आजम व कामबख्श या मुलांना लिहिलेली म्हणून जी पत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांतील पश्चात्तापाच्या सुराने इतिहासकारांना आणि कादंबरीकारांना सारखीच भुरळ घातली आहे. ही पत्रे वाचताना म्हाताऱ्या बापाचा एकांतातला स्वर ऐकू येतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु मोगल दरबारात पत्र बादशहा सांगे, मुनशी लिही, आणि इनायतुल्लाखानासारख्या चिटणिसांनी पुढे त्यांचे संग्रह केले. त्या संग्रहांच्या नकला फिरल्या आणि कालांतराने फारसी शिकणाऱ्यांना ही पत्रे लेखनाचे नमुने म्हणून अभ्यासाला लावली गेली. म्हणजे छावणीतला खाजगी मजकूर मुनशीच्या शैलीतून जाऊन पाठ्यपुस्तकात स्थिरावला. त्यातील आर्तता खोटी आहे, असे मला सुचवायचे नाही. ती आपल्यापर्यंत कोणत्या हातांतून आली, हे लक्षात घेतल्याशिवाय तिला 'व्यक्तिगत' हे विशेषण लावता येत नाही, एवढाच मुद्दा आहे.

बातमीच्या वेगाचे राजकारणही याच प्रसंगी दिसते. मृत्यूच्या थोडे आधी आजमला माळव्याकडे व कामबख्शला विजापूरकडे रवाना करण्यात आले होते. आजम फार दूर गेला नव्हता. वार्ता कळताच तो छावणीत परतला आणि त्याने स्वतःला बादशहा म्हणवले. काबूलच्या बाजूला असलेल्या मुअज्जमला तीच वार्ता पोचायला काही आठवडे लागले. १७०७ च्या जूनमध्ये जाजऊ येथे आजम मारला गेला. मधल्या काळात, उत्तरेकडे कूच करणाऱ्या आजमच्या गोटातून शाहू सुटला. मराठ्यांच्या इतिहासाचे पुढचे पर्व भिंगारहून निघालेल्या एका बातमीच्या प्रवासातून उलगडत गेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

३

'बखर' हा शब्द 'खबर' या शब्दातील वर्णांच्या अदलाबदलीतून आला असावा, ही व्युत्पत्ती अभ्यासकांना परिचित आहे. ती निर्विवाद नसली तरी सूचक आहे. बातमी शिळी झाली, तिचा तातडीचा उपयोग संपला, की तिचे आख्यान होते. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हापासून आपल्याकडे एक विभागणी रूढ झाली : पत्र विश्वसनीय, बखर संशयास्पद, पत्रात वास्तव, बखरीत कल्पना. पुढे र. वि. हेरवाडकरांसारख्या अभ्यासकांनी बखरीला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली, पण विभागणी तशीच राहिली. बखर वाङ्मयाच्या खात्यावर जमा झाली आणि पत्र इतिहासाच्या.

तिसऱ्या वाचकाचा विचार केला की ही विभागणी डळमळते. पानिपतचे उदाहरण घेऊ. १७६० च्या अखेरीस अब्दालीने भाऊसाहेबांच्या फौजेची रसद तोडली तेव्हा टपालही तोडले. १४ जानेवारी १७६१ च्या संहाराची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना सरकारी डाकेने कळली नाही. सावकारांचा एक कासद औरंगाबादेकडे सावकारी पत्र घेऊन निघाला होता. तो पेशव्यांच्या माणसांच्या हाती लागला. पत्र फोडले गेले. आणि मोती, मोहरा, रुपये व खुर्दा यांच्या हिशेबाच्या भाषेत लिहिलेला तो मजकूर कोणाच्या मृत्यूचा आहे, हे पेशव्यांनी ओळखले. ग्रँट डफ याने १८२६ च्या आपल्या इतिहासात हा प्रसंग व पत्राचा आशय दिला आहे, आणि तेव्हापासून तो मराठी मनाच्या स्मरणात राहिला आहे.

या प्रसंगाकडे आपण शोककथा म्हणून पाहतो. संज्ञापनाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, सावकारी जाळे राज्ययंत्रणेपेक्षा वेगवान आणि अधिक अभेद्य होते. दुसरी, पत्रातील रूपकव्यवस्था सौंदर्यासाठी योजलेली नव्हती. मृत सरदारांना मोती व मोहरा म्हणणे ही वाटेत कोणीतरी वाचेल या भीतीची निर्मिती होती. हिशेबाच्या भाषेत लिहिले की पत्र फोडणाऱ्याला तो हिशेबच वाटावा. तिसरी, येथे तिसरा वाचक शत्रू नाही. स्वतः पेशवाच परक्याचे पत्र फोडून वाचणारा आहे, आणि स्वतःच्या मुलाच्या व चुलतभावाच्या मृत्यूची बातमी त्याला दुसऱ्यासाठी लिहिलेल्या मजकुरातून उलगडावी लागते आहे. त्याने पत्र फोडले नसते तर ते वाक्य औरंगाबादच्या एखाद्या पेढीवर संपले असते. मराठीतील सर्वांत परिचित युद्धरूपक अडवणुकीमुळे टिकले.

मराठी पत्रव्यवहारातील रूढ वाक्प्रयोगही या अंगाने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. महत्त्वाचा मजकूर कागदावर न आणता पत्रवाहकाच्या 'मुखजबानी' कळेल असे लिहिण्याची पद्धत होती. 'बहुत काय लिहिणे' या समाप्तीला आपण शिष्टाचार मानतो. शांततेच्या काळातील पत्रात तो शिष्टाचार असेलही. मोहिमेवरच्या पत्रात मात्र 'मुखजबानी' हा शब्द संहितेतील एक भोक आहे. पत्र स्वतःच सांगते, की माझा गाभा माझ्यात नाही. तो ज्या माणसाच्या हाती मी आहे त्याच्या स्मरणात आहे. पत्र पकडले गेले तरी गाभा पकडला जात नाही. अशा पत्राला 'अस्सल साधन' म्हणताना आपण त्याच्या पोकळीलाच साधन म्हणत असतो. ज्या बखरीला आपण कल्पनेचा दोष देतो ती कित्येकदा हीच पोकळी भरण्याचा प्रयत्न करत असते. कारण वाहकाच्या तोंडून गेलेले शब्द कधीतरी कोणीतरी आख्यानात आणणार, हे ओघानेच आले. पत्र व बखर यांतील नाते सत्य आणि कल्पना असे न मानता, दोघांमध्ये मौन व त्याची भरपाई असे नाते आहे, असे मानून वाचणे अधिक फलदायी ठरेल.

४

१८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पुन्हा भिंगारच्या परिसरात आले. ८ ऑगस्टला वेलस्लीच्या फौजेने अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली. १२ ऑगस्टला किल्ला शरण आला. त्या वेळी इंग्रजांच्या गोटात असलेल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराने पुण्यातील आपल्या मित्रांना पत्र लिहिल्याची हकिगत इंग्रजी साधनांत येते. इंग्रज लोक व त्यांचा सेनापती अजब आहेत. सकाळी आले, भिंत पाहिली, तिच्यावरून चालत गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत आले, असा त्या पत्राचा आशय सांगितला जातो. वेलस्लीच्या चरित्रात हे वाक्य अलंकारासारखे मिरवले जाते.

मराठी वाचकाने येथे थांबून विचार केला पाहिजे. एका मराठी सरदाराने पुण्याला पाठवलेले पत्र मराठीतच असणार. पण सर्वश्रुत आहे ते त्याचे इंग्रजी रूप. त्यातील विनोद मूळचा की भाषांतरातला? 'अजब' या अर्थाच्या शब्दामागे कौतुक होते, तिरस्कार होता, की पुण्याला दिलेला इशारा होता? मराठीत 'अजब' आणि 'अद्भुत' यांत, 'तऱ्हेवाईक' आणि 'विलक्षण' यांत जे अंतर आहे, ते इंग्रजी वाक्यात सपाट झाले आहे. विजेत्याने हे पत्र जपले, कारण ते त्याची स्तुती म्हणून वाचता येत होते. स्तुती म्हणून वाचता न येणारी पत्रे त्याच पेठेतून, त्याच आठवड्यात गेली असतील. त्यांना जपण्याचे विजेत्याला कारण नव्हते. तिसरा वाचक टिकवतो तेव्हा निवडही करतो.

याच मोहिमेत सहा आठवड्यांनी उलटा प्रकार घडला. २३ सप्टेंबरला असई येथे वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी अपेक्षेपेक्षा आधीच गाठ पडली. शत्रू भोकरदनला आहे, अशी बातमी हरकाऱ्यांनी आणली होती. या घोटाळ्याचे एक स्पष्टीकरण इंग्रजी साधनांतच असे मिळते, की हरकाऱ्यांनी घेतलेले नाव साऱ्या परगण्याचे होते आणि ऐकणाऱ्याने ते एका गावाचे मानले. मराठीत परगणा आणि त्याचे मुख्य ठिकाण यांना एकच नाव असणे स्वाभाविक आहे; बोलणारा कोणत्या अर्थाने बोलतो ते संदर्भावरून कळते. हेरगिरीच्या यंत्रणेने शब्द अचूक पकडला आणि संदर्भ गमावला. किटलर यांच्या मांडणीत संदेश हा वाहिनीतून जाणारा संकेत असतो आणि त्याचा शत्रू म्हणजे गोंगाट. असईच्या उदाहरणात गोंगाट नव्हता. एका भाषिक समाजाची नाव घेण्याची रीत दुसऱ्याला परकी होती, आणि तेवढ्यावर सैन्याची हालचाल ठरली.

५

पहिल्या महायुद्धात तिसऱ्या वाचकाला कार्यालय, खुर्ची आणि शिक्का मिळाला. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी सैन्य फ्रान्समध्ये उतरले आणि त्याच्या टपालाची तपासणी करण्यासाठी स्वतंत्र सेन्सॉर विभाग उभा राहिला. कॅप्टन हॉवेल हे त्याचे पहिले प्रमुख. सैनिकांची पत्रे उघडली जात, त्यांतील निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित होत आणि अहवालांना जोडून वरिष्ठांकडे जात. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९९९ मध्ये डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील पत्रांचे संपादन केले तेव्हा हिंदी सैनिकाचा आवाज प्रथमच मोठ्या प्रमाणावर ऐकू आला, असे स्वागत झाले. तो आवाज प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानच्या भाषांतून आलेल्या भाषांतराचा होता. मूळ पत्रे घरी गेली आणि बहुतांशी नाहीशी झाली. सेन्सॉरचे उतारे राहिले.

त्या पत्रांत काळी मिरी आणि लाल मिरची यांचा उल्लेख येतो. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. पहिली संपत आली आहे, दुसरी जपून वापरतात, अशा आशयाचा तो संकेत. १७६१ च्या सावकाराचे मोती व मोहरा आणि १९१५ च्या शिपायाची मिरी व मिरची यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर आहे. डाक, आगगाडी, तार, आगबोट असे संदेशवहनाचे सारे तंत्र मधल्या काळात पालटले आहे. रूपकाची घडण मात्र तीच. दोन्ही ठिकाणी मृत्यूची गणती बाजाराच्या भाषेत आली आहे. याचे कारण उघड आहे. बाजाराचा हिशेब हा तपासणाऱ्याला निरुपद्रवी वाटणारा मजकूर असतो. फरक एवढाच, की १७६१ चा संकेत वाचणाऱ्याला शोकात टाकून गेला आणि १९१५ चा संकेत सेन्सॉरने उलगडून अहवालात टाचला. तंत्रज्ञान बदलले म्हणून भाषा बदलते, हे सूत्र येथे लागू पडत नाही. तपासणीचा धाक कायम राहिला म्हणून भाषेची युक्तीही कायम राहिली.

त्याच वर्षांत भिंगारच्या परिसरात याची उलटी प्रतिमा दिसत होती. हिंदुस्थानातील जर्मन व्यापारी, मिशनरी व इतर नागरिक यांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले होते. मंगळूरकडे छापखाना चालवणाऱ्या बासेल मिशनचे मिशनरीही त्यांत होते. येथे जर्मन पत्रे इंग्रज तपासत होते, तर तिकडे बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फच्या तळावर हिंदी युद्धकैद्यांसमोर ग्रामोफोनचा कर्णा ठेवला जात होता. १९१५ ते १९१८ या काळात जर्मन ध्वनिमुद्रण आयोगाने कैद्यांच्या तोंडून गाणी, गोष्टी, बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा असे मजकूर मुद्रित केले. भाषाशास्त्रज्ञांना उच्चार हवे होते. कैद्याला मात्र आपण कोणाशी बोलतो आहोत हे माहीत नव्हते. त्याच्या बोलण्याला संबोधितच नव्हता. येथे तिसरा वाचक हाच एकमेव वाचक उरला. किटलर म्हणतात तसे युद्ध, ग्रामोफोन आणि विज्ञान येथे एकत्र आले खरे. पण त्या तबकड्यांतील खरा प्रश्न यंत्राचा नाही. ज्याला उत्तर मिळण्याची शक्यता नाही अशा माणसाच्या वाणीला आपण 'संभाषण' म्हणणार की 'नमुना', हा तो प्रश्न आहे.

६

९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. युद्धकाळातील हा तुरुंग म्हणजे संदेशबंदीचा एक प्रयोगच होता. सुरुवातीस वर्तमानपत्रेही मिळत नव्हती. पत्रव्यवहारावर कडक नियंत्रण होते. जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये येथे लिहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो मौलाना आझादांचा 'गुबार-ए-खातिर' (१९४६). हबीबुर रहमानखान शेरवानी या स्नेह्याला उद्देशून आझादांनी किल्ल्यात पत्रे लिहिली. ती पाठवता येणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहिली. चहा, चिमण्या, संगीत, ईश्वरविषयक चिंतन, किल्ल्याचा इतिहास असे नाना विषय त्यांत आले. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी जुलेखा यांचे निधन झाले. ती वार्ताही त्यांना तुरुंगाच्या यंत्रणेमार्फतच कळली, आणि तिच्याविषयीचे दुःखही एका न पाठवलेल्या पत्रात उतरले.

या पत्रांची भाषा पसरट, आस्वादक, फारसी शेरांनी लगडलेली आहे. तिला ललित निबंधाचे रूप का आले, याचे उत्तर सहसा आझादांच्या व्यक्तिमत्त्वात शोधले जाते. त्याला दुसरेही एक कारण संभवते. पत्र पाठवायचेच नाही असे ठरले, की तपासणारा डोळा लेखनातून नाहीसा होतो. 'मुखजबानी'ची गरज उरत नाही; मोती-मोहरांचा संकेत उरत नाही. पत्राची संबोधने तशीच राहतात, पण पत्राचा उपयोग संपतो आणि त्या रिकाम्या झालेल्या चौकटीत निबंध शिरतो. औरंगजेबाची अखेरची पत्रे आणि आझादांची ही पत्रे एकाच परिसरात, एकाच फारसी पत्रपरंपरेच्या सावलीत लिहिली गेली. पहिली पोचण्यासाठी लिहिली होती आणि ती मुनशी-नकलाकारांच्या हातांतून गेली. दुसरी न पोचण्यासाठी लिहिली म्हणून लेखकाच्या हातातच राहिली. शैलीतील अंतराचा काही भाग तरी या भेदाने स्पष्ट होतो.

त्याच ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत चालला. आकाशवाणीच्या लहरी कोणालाही ऐकता येतात, म्हणून तेथे संकेतभाषेला वाव नव्हता. प्रसारण जितके उघड तितके परिणामकारक होते. पण उच्चारलेला शब्द हवेत विरतो. या रेडिओचा मजकूर आज वाचता येतो, कारण सरकारी यंत्रणा तो ऐकून उतरवून घेत होती. उषा ठक्कर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही प्रतिलेखने उपलब्ध झाली आहेत. स्वातंत्र्याच्या आवाजाचा सर्वांत काळजीपूर्वक श्रोता त्याला गप्प करू पाहणारा होता. त्याच्या वहीतूनच तो आवाज आपल्याला मिळाला.

७

वरील विवेचनावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा, की कोणताही दप्तरी कागद तिसऱ्याच्याच हातून येतो. मग युद्धाचे वैशिष्ट्य काय? वतनाचा कागद, निवाडापत्र, खरेदीखत यांनाही वाचक अनेक असतात, हे खरे. परंतु ते सर्व वाचक त्या कागदात गृहीत धरलेले असतात. कागद त्यांच्यासाठीच केलेला असतो. युद्धातील तिसरा वाचक नको असलेला असतो आणि तरी अटळ असतो. लिहिणारा त्याच्या विरुद्ध लिहितो. हा विरोध भाषेत उमटतो, म्हणून तो समीक्षेचा विषय होतो.

दुसरा आक्षेप किटलर यांच्या बाजूने येईल. संकेत आणि संकेत फोडणारी यंत्रे यांचा विचार त्यांनीही केला आहे. दुसऱ्या महायुद्धातील सांकेतिक संदेश व ट्युरिंगचे काम त्यांच्या मांडणीत आहेच. तेथे मात्र यंत्र यंत्राचे वाचते आणि माणूस बाजूला पडतो. भिंगारच्या परिसरातील उदाहरणांत अडवणारा प्रत्येक वेळी भाषेचा जाणकार, अर्धा जाणकार किंवा अजाण माणूस आहे. त्याच्या भाषाज्ञानाची मर्यादा ही टिकलेल्या संहितेची मर्यादा ठरते. भाषांतर हा आपल्याकडे युद्ध-माध्यम-संबंधाचा गाभा आहे. एकाच भाषेच्या अंतर्गत चाललेल्या युद्धांवरून सिद्धान्त उभारणाऱ्याला तो सहज निसटतो.

मराठी कादंबरीतही याचा एक पडसाद सापडतो. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) ही महायुद्धाच्या उंबरठ्यावरची कादंबरी. तीत लढाई नाही, बोट आहे आणि निर्वासित आहेत. कादंबरीच्या शेवटाकडे हेर्टाची पत्रे येतात तेव्हा त्यांना उत्तर देता येण्याची वेळ निघून गेलेली असते, आणि वाचक स्वतःच दुसऱ्याची पत्रे वाचणाऱ्या तिसऱ्याच्या जागी बसतो. त्या वाचनात अपराधीपणाची जी छटा आहे तिचा उलगडा केवळ प्रेमकथेच्या चौकटीत होत नाही.

आजची स्थितीही या चौकटीबाहेरची नाही. जुलै २०२० मध्ये भारतीय सेनेने आपल्या जवानांना ८९ अॅप मोबाईलमधून काढून टाकण्यास सांगितले. घरी पाठवलेल्या छायाचित्रावरून ठिकाण कळू शकते, हे त्यामागचे एक साधे भान. सेन्सॉरची खुर्ची आता दूरच्या संगणकाकडे गेली आहे. तो काय टिकवतो आणि काय पुसतो, हे पुढच्या अभ्यासकांना ठरवावे लागेल; पण जवानाने घरच्यांशी बोलताना काय बोलायचे नाही हे आधी ठरवावे, ही रीत जुनीच आहे.

यातून आपल्या अध्ययनाला तीन गोष्टी कराव्या लागतील असे वाटते. ऐतिहासिक पत्र वाचताना लेखक आणि संबोधित यांच्याबरोबर ते कोणाच्या हातून आले, हे संहितेचा भाग म्हणून नोंदवले पाहिजे. तळटीप म्हणून नव्हे. मोहिमेवरच्या पत्रांतील शिष्टाचाराचे शब्द, हिशेबाची रूपके आणि 'मुखजबानी'सारखी मौने यांचा स्वतंत्र शैलीअभ्यास व्हायला हवा. पेशवे दप्तरातील गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले ४५ खंड आणि राजवाड्यांचे खंड यासाठी पुरेसे आहेत. आणि इंग्रजी भाषांतरातच उरलेल्या मराठी मजकुराला, गोखल्यांच्या पत्रासारख्या मजकुराला, मराठी वाङ्मयेतिहासात जागा दिली पाहिजे. मात्र ती देताना मूळ मराठी वाक्य कल्पनेने रचून ती पोकळी बुजवण्याचा मोह टाळला पाहिजे. हरवलेल्या वाक्याची जागा रिकामी ठेवणे हीही एक वाचनपद्धती आहे. मराठीतील युद्धविषयक गद्याचा बराच मोठा भाग अशा रिकाम्या जागांनीच बनलेला आहे, आणि त्या कोणी रिकाम्या केल्या हे विचारल्याशिवाय त्याचा इतिहास लिहिता येणार नाही.